समेटाचं सरबत

बन्सीनं हाणलेला लोखंडी पाइप पुंडलिकच्या कपाळावर बसला. पुंडलिकनं रक्त पुसलंसुद्धा नाही. खाली वाकून त्यानं फरशीचा तुकडा उचलला आणि बन्सीच्या तोंडावर मारला. दोन दात गटारात गेले.

"माझ्या दारात कुंकू लावलेलं लिंबू टाकतो व्हय रं?" बन्सी रक्त थुंकत ओरडला. "करणी करतो? जित्ता ठेवत नाय तुला!"

"अन् माझ्या दारात कुणी टाकलं? तूच ना, हरामखोरा!"

मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत भांडण सोडवायला एकच माणूस धावायचा, काकासाहेब. बायको आवडाबाई गेल्यापासून ते एकटेच राहायचे. एरवी त्यांच्या दारात कुत्रंही फिरकत नसे. डोकी फुटली की मात्र सगळ्यांना काका आठवायचे.

काकांनी दोघांना बखोटीला धरून घरी आणलं. जखमांवर हळद दाबली, तसे दोघेही पोरांसारखे बोंबलले. मग अंगणातल्या झाडाखाली खाट टाकली आणि हातात सरबताचे पेले दिले.

"मनातलं बोलून टाका," काका म्हणाले. "दार लावून बसलं की माणूस आतून कुजतो. मला इचारा."

बन्सीचा आवाज खाली आला. "पोरगी तापानं फणफणलीय. दारात लिंबू दिसलं अन् डोकंच फिरलं माझं."

"मला सांगायचंस की," पुंडलिक म्हणाला. "माझी बायको त्या लिंबाला भिऊनच सोयगावला माहेरी गेली. घर खायला उठतंय."

बन्सीनं पेला खाली ठेवला. म्हणाला, "मग आजपासून जेवायला आमच्याकडं ये."

"तुझं दात पाडलं, तरीबी?"

"मला काय तुला चावायचंय थोडंच!"

दोघं पोट धरून हसले आणि रक्ताच्या कपड्यांनीच गळ्यात पडले.

"काका, लई छळलं तुमाला," पुंडलिक म्हणाला. "आता नाय यायचो भांडण घेऊन. शप्पथ."

"बसा की. अजून एकेक पेला घ्या."

"नको. भाकरी गार होईल."

खांद्यावर हात टाकून दोघं निघून गेले. काका, तुम्हीपण चला, असं कुणीच म्हणालं नाही. काकांना फार वाईट वाटलं.

त्यांनी पेले धुतले. फरशीवरचं रक्त पुसलं. थोडा वेळ रिकाम्या खाटेकडे बघत बसले. मग उठून झाडाचं एक पिवळंधमक लिंबू तोडलं आणि आवडाबाईचा कुंकवाचा करंडा उघडला.