कड्यावरचा मासा

"अगं बाई, काय देखणा नर आहे हा!" मासोळीबाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

संग्रहालयातला माशांचा विभाग त्या सांभाळत. मासा दिसला की त्यांना भान म्हणून राहत नसे. पण समोर बसलेल्या तरुण बाईचा नवरा कालपासून समुद्रात बेपत्ता होता. त्याचा कॅमेरा तेवढा तरंगत सापडला, प्रवाळ खडकाच्या आतल्या उथळ पाण्यात. त्यातला हा शेवटचा फोटो. एक गुलाबी मासा, मागे नुसतं निळं पाणी.

"कॅमेरा आत मिळाला म्हणून बोटी आतच शोधताहेत," तिचा दीर म्हणाला. "हा राहतो कुठे, तेवढं सांगा."

मासोळीबाईंनी फोटो मोठा केला. कुशीवर जांभळा चौकोन, ठिगळ लावल्यासारखा. शंकेला जागाच नव्हती. तरी त्यांनी कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं, पानं उलटत बसल्या. खोटं कशाला बोला, त्यांना वेळ काढायचा होता.

"हा आत येत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "खडकाच्या बाहेरच्या अंगाला सरळ खोल कडा आहे ना, तिथे राहतो. पाण्याला जबर ओढ असते तिथे. कॅमेरा भरतीबरोबर आत आला असणार."

"चुकूनमाकून एखादा येत असेल की!" ती म्हणाली.

"नाही हो."

"अहो, पण हे आतच पोहणार होते. कड्याकडे फिरकणार नाही म्हणून शब्द दिला होता मला." तिचा आवाज चढला. "कायम थापा! येऊ देत घरी, बघतेच मी त्यांच्याकडे."

मासोळीबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने घेतला नाही.

दिराने बोटवाल्याला फोन लावला. "बाहेर घ्या सगळ्या बोटी. कड्याच्या पलीकडे. हो हो, खात्री आहे. अंधार पडायच्या आत पोचा."

त्याने फोन ठेवला तशी तिने त्याची बाही धरली.

"भावोजी, ते सापडले ना, तर कड्याचं मला कळलंय म्हणून सांगू नका त्यांना."