दार घट्ट लावून घ्यावे

"बाई, हे तुमच्या पुरवणीत कुणी छापलं?"

फोनवर एक निवृत्त शिक्षक होते. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेले. आवाज अजून फळ्यासमोर उभा असल्यासारखा. "ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र करा? वर न्हाणीघराचं दार घट्ट लावून घ्या? अहो, विषारी वायू होतो त्याचा. जीव जाईल कुणाचा!"

उपसंपादिकेनं अंक पुढे ओढला. 'जुनं घर, जुनी युक्ती' हे सदर तिचंच. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचे अंक चाळायचे, गृहिणींसाठीचे सल्ले निवडायचे आणि जसेच्या तसे द्यायचे. ह्या खेपेला जागा उरली म्हणून ऐन वेळी चार ओळी उचलल्या होत्या. शेवटची ओळ तिनं पुन्हा वाचली. 'दार घट्ट लावून घ्यावे, म्हणजे वाफ फरशीत चांगली मुरते.'

"उद्या आतल्या पानावर दुरुस्ती टाकू," तिनं पुढे केलेला अंक बाजूला सारत संपादक म्हणाले. "आभाळ कोसळल्यासारखं करू नका. असले सल्ले करून कोण बघतं हल्ली?"

करून बघणारं माणूस तिच्या घरातच होतं.

सासूबाई दर आठवड्याला ते सदर कापून ठेवत आणि जेवणं झाली की पदर खोचत. बटाट्याच्या कापानं आरसे पुसून झाले होते, चहाच्या चोथ्यानं गालिचा झाडून झाला होता. "सुनेनं छापलंय, खोटं कशाला असेल?" हे सगळ्या शेजाराला ऐकवूनच.

तिनं घरी फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. पर्स तशीच टेबलावर सोडून, किल्ली आणि मोबाइल मुठीत धरून ती निघाली.

बस येईना. थांबवेना म्हणून चालू लागली, आणि कोपऱ्यापर्यंत पोचताना धावायलाच लागली. फोन कानाला. घंटी वाजतेय, कुणी उचलत नाही. दोनदा माणसांवर आपटली, एकदा सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. चौथ्या मजल्यावर पोचली आणि कुलूप उघडून थेट आत धावली.

न्हाणीघराचं दार लावलेलं होतं.

"आई!" तिनं खांदाच घातला. दार नुसतं लोटलेलं. ती तोल जाऊन आतच पडायची. फरशी कोरडी. बादली पालथी. कुणी नाही.

सासूबाई गॅलरीत स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर पुरवणी, हातात कात्री. सदर कापलेलं नव्हतं.

"फोन का नाही उचललात?" ती जवळजवळ ओरडलीच.

"वाजत होता," सासूबाई म्हणाल्या. "उठावंसं वाटलं नाही."

ती तिथंच जमिनीवर टेकली. दम लागलेला, तरी एका श्वासात सगळं सांगून टाकलं. शिक्षकांचा फोन, वायू, तिची घाई. सासूबाई ऐकत होत्या, पण नवीन काही ऐकत असल्यासारख्या नव्हे.

"हे मी केलंय," त्या म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. पेपरात आलं होतं, हेच, शब्दन् शब्द. म्हटलं, न्हाणीघर असं लख्ख करू की घरातली माणसं बघत राहतील." त्यांनी कात्री मिटली. "दार घट्ट लावून घेतलं. लिहिलंच होतं तसं. मग डोळे, घसा, नुसती आग. कडी कुठं आहे तेच सापडेना. ह्यांनी दार फोडून बाहेर काढलं."

"मग?"

"मग काय? सगळे म्हणाले, साधी फरशी धुता येत नाही हिला. काहीतरी कमीजास्त घातलं असेल. मलाही तसंच वाटलं. पेपरात काय चुकीचं येतंय?"

सून त्यांच्या स्टुलाजवळ सरकली.

"तेव्हापासून मला वास येत नाही," सासूबाई सहज म्हणाल्या. "कुणाला सांगितलं नाही. आपल्याच हातानं झालेलं, त्याचा डांगोरा कशाला?"

वीस वर्षं उतू गेलेली, करपलेली दुधाची पातेली सुनेच्या डोळ्यांसमोरून गेली. "आई, नाक काय नुसतं चष्मा ठेवायला दिलंय का?" हे तीच म्हणायची. सगळे हसायचे. सासूबाईसुद्धा.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. संपादक होते. "दुरुस्तीचा मजकूर सांगा. 'अनवधानाने झालेली चूक' एवढंच टाकू ना?"

तिनं फोनवर हात ठेवला. "चूक कशी छापायची, विचारतायत."

सासूबाईंनी पुरवणी डोळ्यांजवळ नेली आणि त्या चार ओळींवरून बोट फिरवत पुन्हा एकदा वाचल्या.

"माझ्यासाठी एवढं लिही," त्या म्हणाल्या. "प्रमाण बरोबर होतं. मी मोजून घेतलं होतं."