दुसरी नाळ

प्रमिला कोळंबेने झोपेत गेलेल्या धाकट्या बाळाची वाळलेली नाळ तपासणी केंद्राच्या खिडकीतून आत दिली. नाळेवरून मृत्यूचं कारण सांगणाऱ्या इथल्या यंत्राचा सरकारी निधी चालू राहावा, म्हणून हीच प्रमिला गावोगाव बोलत फिरली होती. तिचं थोरलं बाळ असंच झोपेत गेलं होतं. त्याचीही नाळ तिने इथेच दिली, तेव्हा 'कारण कळलं नाही' असं उत्तर मिळालं. भिंतीवरच्या पोस्टरवर अजून तिचाच चेहरा होता आणि खाली तिचा प्रश्न: 'माझं बाळ का गेलं?'

तंत्रज्ञ मुलगी पडद्यावरचं वाचू लागली. "हृदयाचा आनुवंशिक दोष. वेळेत औषध दिलं तर धोका टळतो. थोरल्या भावंडातही हाच दोष..."

"थोरल्याचं तर कळलंच नव्हतं ना?"

मुलीने जुनी नोंद उघडली. थोरल्याच्या नावापुढे हाच दोष लिहिलेला होता आणि तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. धाकटं तेव्हा जन्मलंही नव्हतं.

आतून केंद्राचे प्रमुख डॉक्टर केळुसकर घाईने बाहेर आले.

"ताई, तेव्हा निधीची मुदत संपत होती. उत्तर मिळाल्यावर तुम्ही आमच्यासाठी मंत्रालयात बोलायला आला असतात का?"

प्रमिलाने त्यांच्या खिशातलं पेन काढून त्यांच्याच हातात दिलं आणि पोस्टरकडे बोट दाखवलं.

"त्या प्रश्नाखाली उत्तर लिहा, डॉक्टर. थोरल्याचं राहू द्या. धाकट्याचं लिहा."