शहादेवचा अबोला

"ह्याच्यावर तुमचा कुनाचा इस्वास बसायचा न्हाई," शहादेवनं दुधाची किटली दूध संस्थेच्या टेबलावर आदळली, "पर सोमवारपासून मी शिवकन्येशी एक शब्द बोललेलो न्हाई!"

रांगेतल्या कुणी मानसुद्धा वर केली नाही. पाटोद्याजवळच्या त्या गावाला शहादेवच्या गोष्टींची सवय होती. त्याची म्हैस एकटी मांजरसुंब्याला जाऊन ढाब्यावरचा चहा पिऊन आली होती. त्याच्या आटलेल्या विहिरीतलं कासव टँकरचा हॉर्न ऐकला की आपोआप वर येत असे.

पण या खेपेला मिशी पणाला लागली होती. दुष्काळात गावात तेवढंच एक पीक जोमात होतं.

झालं होतं असं. उसाच्या फडात वर्षानुवर्षं कोयता चालवून त्याच्या बायकोच्या, शिवकन्येच्या गालांवर वांगाचे काळे डाग आले होते. यंदा ती दूध संस्थेची संचालक झाली. सभेत खुर्चीवर बसायचं, म्हणून नवऱ्याला न विचारता बहिणीबरोबर बीडला गेली आणि डॉक्टरकडून तोंडाची साल काढून आली. गाल उजळले, पण ओठ भाजल्या वांग्यागत तडकले. शहादेवनं संस्थेच्या याच ओट्यावर चारचौघांत मिशीला पीळ दिला होता. "देवानं दिलेलं तोंड सोलून आली! आता सभा होईस्तोवर तिच्याशी बोललो तर ही मिशी उतरवीन!"

"मग बरी हाय का रं ती?" म्हाताऱ्या भिवराबाईनं विचारलं.

"मला काय ठाऊक, मावशे? मी गोठ्यात झोपतो. तिच्या वाऱ्याला उभा ऱ्हात न्हाई." एवढं बोलून तो थांबला असता तर बरं. पण थांबणं त्याच्या कुळात नव्हतं. "पर तसल्या व्हटांना जीभ लावू न्हाई. चाटलं की आनखी वाळतेत. पापुद्रा सुटला तरी वढायचा न्हाई, आपसूक गळू द्यायचा. तिखट बंद, मशेरी बंद. उनात पदर तोंडावरून. आन् ते गुलाबाच्या वासाचं मलम दाट लावायचं, जेवलं की पुन्ना लावायचं. मी तर त्या मलमाला बोटबी लावलं न्हाई. तिच्या व्हटाबिगर ते कशालाच लागलेलं न्हाई."

"न बोलता एवढं कसं कळलं बाबा?"

"डाक्टरचा आवाजच तसला! बीडात बोलला, हितं गोठ्यात ऐकू आलं. म्हशीनंबी ऐकलं. तवापासून तीबी व्हट चाटंना."

रांग खदखदली. "आन् काल टँकरचा पयला हंडा घेऊन कोन पळत गेलतं?" मागून कुणीतरी विचारलं.

"म्हशीला पाजाया!"

"गाळून?"

"लई नाजूक म्हैस हाय."

भिवराबाईनं पदर तोंडात धरला. शहादेवला हायसं वाटलं. हसताहेत म्हणजे चाललंय. सभेपर्यंत एवढं निभावलं की मिशी वाचली. मग शिवकन्या खुर्चीवर बसेल, सगळा गाव तिच्याकडं बघेल, आणि पहिल्या रांगेत तो मिशीला पीळ देत बसेल. त्या चित्राचं त्याला सकाळपासून फार सुख वाटत होतं.

टेबलापलीकडं बद्रीनाथ दूध तपासत होता. तो हसला नाही. दुधात पाणी किती आणि गोष्टीत पाणी किती, दोन्ही तो सारख्याच थंडपणानं बघायचा. चारा छावणीतून आणलेल्या उसाच्या वाढ्यांवर, नुसत्या शेंड्यांवर जगणाऱ्या जनावरांचं दूध ते. मशीनवरचा आकडा बघून त्यानं नुसती मान हलवली.

"कावून? किती लागली फॅट?" आकडा बघायला शहादेव टेबलावर पार वाकला.

बद्रीनाथची नजर मशीनवरून उठली आणि शहादेवच्या नाकाखाली थांबली. त्यानं एकदा वास घेतला. मग आणखी एकदा, डोळे मिटून.

"शहादेव," सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा तो म्हणाला, "बोलला नसशील, पटलं. दुधाला फॅट न्हाई, तेबी पटलं. पर वहिनीच्या व्हटाचं मलम तुझ्या मिशीत कसं बे?"