सांगितल्याशिवाय दुसरं नाही

"उद्यापासून कुलूप," कमिटीचे अध्यक्ष आदिनाथशेठ म्हणाले. "जागा जिमला द्यायचं ठरलंय."

सावित्रम्मा खुर्चीवरून उठल्या नाहीत. "कुणी ठरवलं?"

"कमिटीनं."

"या कमिटीतल्या कुणी शेवटचं पुस्तक कधी नेलं?"

सोलापूरच्या साखर पेठेतलं हे वाचनालय सावित्रम्मा अकरा वर्षं एकट्या चालवत होत्या. आधीचे ग्रंथपाल वारल्यावर किल्ली त्यांच्याकडे आली, ती कुणी परत मागितली नाही. त्यांचा नियम कडक होता. नेलेल्या पुस्तकात काय आहे ते समोर बसून सांगायचं, मगच दुसरं मिळायचं. वहीत नोंद ज्याची त्यानं करायची. लोक कुरकुरत, पण येत.

"आता नेटवर सगळं मिळतं, अम्मा," शेठ म्हणाले.

"मिळतं की. बारावी नापास झाल्यावर ही ऋतुजा वर्षभर फोनच बघत बसली होती. मी तिला मोटार वाइंडिंगचं पुस्तक दिलं. आता लूमच्या जळालेल्या मोटारी पुन्हा बांधते."

दारात उभी असलेली ऋतुजा म्हणाली, "तुमच्या कारखान्यातल्याबी मीच बांधल्या, शेठ."

मागं कुणीतरी हसलं. शेठनी कपाटातून हाताला लागलं ते पुस्तक ओढलं.

"एवढं बोलताय, तर यात काय आहे सांगा."

अम्मांनी लांबूनच पाहिलं. "शेळ्यांचे आजार. सांगोल्याचा बसू नेतो. पोटफुगीचं पान नाही त्यात. त्याच्या शेळीनं खाल्लं."

शेठनी पानं चाळली. पान नव्हतं. त्यांनी दुसरं काढलं, मग तिसरं. अम्मांनी प्रत्येकात काय आहे ते सांगितलं, आणि ते कुणाला द्यावं, कुणाला मुळीच देऊ नये, हेही.

"राहू द्या की वाचनालय, शेठ," सचिव प्रभु हळूच म्हणाला.

"राहू दे. पण जबाबदारी यांची. वर्षभरात वाचक घटले तर स्वतःच्या हातानं कुलूप लावीन, असं लिहून द्या म्हणावं."

"काढ कागद, प्रभु," अम्मा म्हणाल्या. "आणि वाच मोठ्यानं. जिमवाल्याला पण ऐकू जाऊ दे."

प्रभुनं लिहिलं, खणखणीत वाचलं, कागद टेबलावर ठेवला आणि सहीसाठी पेन पुढं केलं.

सावित्रम्मांनी पेन बाजूला सारलं, शिक्क्याचं पॅड उघडलं आणि अंगठा शाईत दाबला.