पक्का रंग

गेन्पाचीने शेंडीला धरून आणलेलं डोकं नुईच्या पुढ्यातल्या फळीवर ठेवलं. "वहिनी, ह्याचे दात तेवढे काळे करा. साध्या नांगऱ्याचं डोकं नेलं, तर धनी वळूनही बघायचे नाहीत."

"नांगऱ्याला मारलंस," शेजारी दुसरं डोकं धूत बसलेली म्हातारी ओताकी म्हणाली, "आता त्याला सरदार करून तू घोड्यावर बसणार होय रे?"

"बसलो तर तुला मागे घेईन, आजी."

दात काळे असायचे ते लग्न झालेल्या बायकांचे आणि मोठ्या घरच्या पुरुषांचे. लढाई संपली की गडावरच्या बायका शत्रूंची डोकी धूत, विंचरत, आणि एखाद्या शिपायाने गळ घातलीच तर कुणाला तरी मोठ्या घरचा करून टाकत. नुईने कोमट पाण्याने चिखल धुतला. ओठ वर केला. पुढचा दात अर्धा तुटलेला.

अक्रोड फोडताना तुटला होता. 'ताई, बघ, दातांनी फोडून दाखवतो.'

तिचा हात थांबला. तिचं माहेर नदीपलीकडे, तोगामी घराण्याच्या मुलखात. तिचा धाकटा भाऊ तोहाची तिथे भात लावायचा. त्याच्या हातात भाला कुणी दिला असेल?

"काय झालं गं?" ओताकीने विचारलं.

"पाणी गार झालंय."

साधी डोकी देवळामागच्या खड्ड्यात जात. वर एक दगड, एक मंत्र. मोठी डोकी पेटीत घालून, उदबत्ती लावून, पलीकडे परत पाठवत. पेटी नदी ओलांडेल. पलीकडे कुणीतरी ओळखेलच. आई एकदा तोंड बघेल.

नुईने डोकं मांडीवर घेतलं. उवा काढायला घ्यायची, तसंच. केस विंचरले, बांधले. मग लोखंडाच्या काळ्या पाण्यात कुंचला बुडवून एक हात दिला, दुसरा दिला, तिसरा दिला. तुटका दातही सोडला नाही.

दुपारी गडाचे धनी, इवाने सरकार, अंगणात आले. दहा वर्षांपूर्वी ते तोगामींच्या तबेल्यात घोडे खरारत होते. आज सकाळी तोगामींची फौज त्यांच्यापुढून पळाली होती. काळ्या दातांपाशी ते थांबले.

"हा मोठा दिसतो."

"नेहमीसारखं परत पाठवू, सरकार?" कारभाऱ्याने विचारलं.

"आजवर परत पाठवत होतो, कारण आपण लहान होतो." ते पुढे चालू लागले. "नदीच्या उताराशी खांबावर लावा. तोंड पलीकडे करा. बाकीच्या गरिबांना देवळामागे नीट पुरा."

सगळ्यांनी कपाळ जमिनीला टेकलं. नुईचं सर्वांत शेवटी उठलं.

गेन्पाचीला घोडा मिळाला.

पुढे रोज सकाळी बायका पाण्याला उतारावर जात. कावळ्यांनी न्यायचं ते नेलं. तीन पाऊस होऊन गेले. एके दिवशी ओताकीने डोळ्यांवर हात धरून खांबाकडे पाहिलं. नुई खाली बघत बादली बुडवत होती.

"बाकी काही म्हण नुई," ओताकी म्हणाली, "तुझा हात पक्का. एवढं सगळं गेलं, पण रंग उतरला नाही."