मिंटीमावशीचा सूर

"परत पहिल्यापासून," हॉबर्ट म्हणाला आणि त्याने मांडीवरच्या डल्सिमरची तार पुन्हा छेडली.

मिंटीमावशीने गाणं पुन्हा उचललं. वरच्या सुरावर तिचा आवाज आणि त्याची तार पुन्हा घासात खडा लागावा तशी खटकली.

दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे थडग्यांवर फुलं वाहून झाली होती. झाडाखालच्या टेबलांवर तळलेली कोंबडी आणि मक्याचा पाव मांडून सगळी माणसं गाणं संपायची वाट बघत होती. खाणीतलं काम सुटल्यापासून हॉबर्टने हिवाळाभर कोठारात अक्रोडाचं लाकूड तासलं होतं. हे डल्सिमर म्हणजे त्याने घडवलेलं पहिलंच वाद्य. आणि मिंटीमावशी गायल्याशिवाय या खोऱ्यात कुणाची माती झाली नव्हती.

सगळे आपल्याकडेच बघतायत, असं हॉबर्टला वाटलं.

"मावशे, आता सोड गाणं," तो मोठ्याने म्हणाला. "दात गेले, त्यांच्या मागोमाग सूरही गेला तुझा."

लोक हसले. मावशीही हसली. "गेला असेल बाबा," म्हणाली आणि टेबलापाशी जाऊन केक कापू लागली. प्रार्थनेनंतर सगळे गायले. तिने ओठ नुसते हलवले.

दुसऱ्या दिवशी हॉबर्टने डल्सिमर खिडकीशी धरून बघितलं. वरच्या सुराचा पडदा, म्हणजे तार जिथे दाबायची ती पट्टी, तिच्याशेजारी पेन्सिलची रेघ अजून दिसत होती. रेघ एकीकडे, पडदा दुसरीकडे. खाच पाडताना करवत घसरली ते त्याला तेव्हाच कळलं होतं. 'गव्हाएवढ्या फरकाने काय होतंय,' म्हणत त्याने पडदा तसाच ठोकला होता. काल मावशी गाताना त्याच्या मनात ते आलं नव्हतं, असंही नाही.

तो डल्सिमर घेऊन मावशीच्या ओसरीवर गेला. ती वाळवणासाठी शेंगा दोऱ्यात ओवत होती.

"मावशे, काल तुझं काही चुकलं नव्हतं. माझाच पडदा चुकलाय."

"असू दे रे."

"असू दे काय? मी खोटं बोललो. चार माणसांत."

"तुझी आईही अशीच होती," मावशी म्हणाली. "कुणाला लागेलसं बोलायची आणि मग रात्रभर तळमळायची. तू वाईट वाटून घेऊ नको. ऐंशी उलटली माझी. माझं मला कळत नाही का?"

"अगं, खरंच सांगतोय! ही रेघ बघ."

"मला कुठली दिसतेय रेघ!"

हॉबर्ट पायरीवर बसला. डल्सिमर मांडीवर घेऊन म्हणाला, "गा. म्हणजे तुलाच ऐकू येईल."

तिने शेंगा बाजूला सारल्या, घसा खाकरला. आवाज तसाच होता, पहाटेच्या गारव्यासारखा स्वच्छ. ओळ वर चढू लागली तशी तिने मान वाद्याकडे झुकवली, डोळे मिटले. वरचा सूर आला. हॉबर्टने छोट्या काठीने त्या पडद्याशी तार दाबली आणि छेडली.

या वेळी काही खटकलं नाही. आयुष्यभर नेमका लावलेला सूर तिने हळूच गव्हाएवढा खाली ओढला आणि त्याच्या चुकलेल्या सुरावर नेऊन ठेवला.

मग डोळे उघडून तिने विचारलं, "आता बरोबर येतोय का रे?"